सरळ झालेला माणूस

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मिस्त्री उभा राहिला, आणि त्याच्या बायकोला क्षणभर कळेचना की आपण बघायचं तरी कुठे. सहा वर्षं ती नवऱ्याशी मान किंचित खाली घालून बोलत आली होती, कारण कंबरेतून पुढे आणि उजवीकडे कललेल्या त्या माणसाचा चेहरा तिच्या खांद्याच्या पातळीला असायचा. आणि आता तिच्या डोळ्यांसमोर होती दवाखान्याच्या हिरव्या सदऱ्याची दोन बटणं. चेहरा होता वर, चांगला वीतभर वर. सवयीनं ती त्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली होती, खांदा पुढे करून, त्याचा पंजा जिथे येऊन टेकायचा बरोबर त्या उंचीवर. पंजा आलाच नाही. वॉकर धरून मिस्त्री एक पाऊल चालला, मग दुसरं, मग तिसरं, आणि दारापाशी उभी असलेली त्याची बहीण एकदम टाळ्या वाजवायला लागली.

"अगं वहिनी, बघ तरी! दादा लग्नात होता तस्सा दिसतोय!"

वहिनीला हसू फुटलं आणि रडूही फुटलं. दोन्ही एकाच वेळी आवरताना तिची अशी काही तारांबळ उडाली, की शेजारच्या खाटेवरचे आजोबासुद्धा हसायला लागले.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरींत लोंबकळत, गुडघ्यावर बसत, वाकून, मुरगळून त्यानं अर्धं आयुष्य काढलं होतं. सहा वर्षांपूर्वी एक जड लोखंडी ठोकळा उचलताना कंबरेत काहीतरी वाजलं, मणका सरकला, नस दबली, आणि डाव्या पायात अशी कळ शिरली की ती मुक्कामालाच आली. औषधं झाली, शेक झाले, वजनं बांधून झाली. गावभरच्या लोकांचे सल्लेही झाले. शेवटी पाय बधिर पडायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. चार तास आत नेलं होतं. दोन पट्ट्या, चार स्क्रू. बाहेर येऊन डॉक्टरांनी तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि म्हणाले, "नस मोकळी झाली." एवढंच. पण त्या तीन शब्दांवर त्याची बायको पुढचे कितीतरी दिवस तरंगत राहिली.

नर्स आली. तिनं मिस्त्रीच्या तळव्यावर पेनाचं टोक फिरवलं, अंगठा वर-खाली करायला लावला आणि विचारलं, "डावा पाय दुखतोय अजून?"

"त्याचा दुखायचा," मिस्त्री म्हणाला. "माझा काही नाही."

नणंद खो खो हसली. "दादा, भूल उतरली नाही वाटतं अजून!" नर्सही हसली. मिस्त्रीही हसला, जरासा उशिरा, सगळे का हसताहेत ते बघून घेतल्यासारखा.

बायको शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. वीस वर्षं तेच काम केल्यामुळे तिच्या डोळ्यांना एक खोड जडली होती. अख्खं पान सुरळीत वाचताना एखादी वेलांटी चुकली असली, तर तिथे पायाला खडा टोचावा तसं तिला टोचे. 'मी'च्या जागी 'तो' पडलाय, हे तिला तसंच टोचलं. पण आनंदाच्या दिवशी कोण कुणाच्या चुका काढतं? तिनं ते पान उलटलं.

पाचव्या दिवशी ते घरी आले, आणि त्या घराला जणू सण लागला. उठण्याबसण्याचे सगळे नियम तिनं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाशेजारी चिकटवले होते: वळायचं तर अख्खं अंग एकदम, ओंडक्यासारखं, वाकायचं नाही, पिळायचं नाही, कंबरेचा पट्टा बांधल्याशिवाय पाय जमिनीला लावायचा नाही. सकाळी ती त्याचे मोजे चढवायची, पट्टा आवळायची, आणि दोघं व्हरांड्यात पावलं मोजायला निघायची. पहिल्या दिवशी चाळीस, दुसऱ्या दिवशी साठ, टाके निघाले त्या दिवशी पाचशे. आकडा झाला की ती नणंदेला फोन करायची आणि तिकडून "काय सांगतेस!" असा चीत्कार यायचा. समोरच्या घरातल्या शिक्षिका खिडकीतून विचारायच्या, "आज कितीवर गेला धावफलक?" तीन आठवड्यांनी वॉकर गेला. पाचव्या आठवड्यात जिना आला. मिस्त्री जिना उतरून खाली गेला, वर आला आणि धाप न लागता म्हणाला, "पुन्हा जाऊ?" तिला वाटलं, आपणच उडी मारून कठड्यावर बसावं.

फक्त तो 'तो' काही जाईना.

"ही त्याची बाजू ना?" पलंगावर झोपताना मिस्त्री म्हणायचा आणि दुसऱ्या कडेला सरकायचा. "त्याची काठी देऊन टाक कुणाला तरी." "त्याला कडू औषधं चालायची, नाही का? मला नकोत." एकदा, दुपारी चहा पिताना, तिनं हसत हसत विचारलंच.

"अहो, हा 'तो' कोण? तुम्हीच ना?"

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. लिफ्टमधला बिघाड सापडत नसला की तो कपाळाला जशी आठी घालायचा, तशी घालून त्यानं मनापासून विचार केला.

"मला सगळं आठवतं गं," तो म्हणाला. "तो कसा उठायचा, कसा ओरडायचा, सगळं. पण बघितल्यासारखं आठवतं. मला दुखल्यासारखं नाही आठवत." मग एकदम डोळे चमकले. "कसा होता तो? तुझ्यावर चिडायचा?"

"चिडायचे कधी कधी."

"मग? अजून सांग."

आणि ती सांगत बसली. सांगता सांगता तिचं तिलाच नवल वाटलं, इतकं सांगण्यासारखं साठलं होतं. खुर्चीत दहा मिनिटंही बसवत नसे म्हणून तिच्या कामाच्या टेबलाखाली सतरंजी टाकून तो कसा पडायचा. गुडघ्यांखाली उशी, छातीवर कागद. तपासून झालेली पानं ती वरून खाली सोडायची आणि तो ती पुन्हा वाचायचा. मुद्रणाच्या खुणा त्याला येत नसत, म्हणून चूक दिसली की उजव्या समासात पेन्सिलीनं एक बारीकसा आकडा काढायचा, मासे पकडायच्या गळासारखा. तिच्या नजरेतून निसटलेल्या चुका त्यानं किती तरी धरल्या होत्या. "वरच्या मजल्यावरून एक सुटलाय हं," तो खालून ओरडायचा, आणि कळ आली की वाचता वाचता गप्प व्हायचा, आणि ती टेबलाखाली हात सोडून ठेवायची. कळ ओसरेपर्यंत तो हात धरून ठेवायचा.

बोलता बोलता तिचे गाल तापले होते. परक्या माणसापाशी आपण काहीतरी खासगी बोलून बसलो, असं तिला वाटलं. मिस्त्री मात्र गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखा ऐकत होता.

"चांगला होता की मग," तो म्हणाला, आणि उठून फिरायला गेला.

आता मिस्त्री बसतच नसे. सकाळी उठला की बूट, बूट घातले की रस्ता. तासतासभर चालून यायचा, गालांवर लाली, कपाळावर घाम, आणि येताना नवनवे मनसुबे घेऊन यायचा: समुद्र बघायला जाऊ, पोहायला शिकू, पलंग खिडकीशी घेऊ, भिंतींना पिवळा रंग देऊ. त्याच्या उत्साहाची तिलाही लागण व्हायची. तिनं नव्या चपला घेतल्या. केस कापून घेतले. आरशात बघताना तिला जाणवलं, की सहा वर्षं एका अंगानं ओझं घेऊन तिचा डावा खांदाही उजव्यापेक्षा जरासा खाली आला होता.

सातव्या आठवड्यात इयत्ता सहावीच्या विज्ञानाची मुद्रितं आली. मिस्त्री बाहेर गेल्यावर ती कामाला बसली, आणि जुन्या सवयीनं, लक्ष नसताना, झालेलं एक पान तिनं खाली सोडलं. पान तरंगत जाऊन जमिनीवर पडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि ती स्वतःशीच हसली. उचलायचं राहिलं. मध्ये कुकरची शिट्टी झाली, नणंदेचा फोन आला. परत येऊन पान उचललं, तर उजव्या समासात पेन्सिलीचा आकडा होता.

बारीक, गळासारखा. त्याच्यासमोर 'बाष्पीभवन'मधला 'ष' चुकून 'श' पडला होता. तिच्या नजरेतून सुटला होता.

मिस्त्री आला तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "पानं बघितलीत का तुम्ही?"

"मी कशाला?" बुटाची नाडी सोडायला तो झर्रकन वाकला. वाकायला अजून परवानगी नव्हती, पण त्याला त्याचं काही नव्हतं. "मला ते बारीक टाइप बघवत नाही. त्याचं काम ते."

तिनं ते पान गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. आपण असं का केलं, हे तिला पुढे कधी नीट सांगता आलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचं पाऊल जिन्यावर वाजेनासं झाल्याबरोबर तिनं सतरंजी काढली, झटकली, टेबलाखाली अंथरली आणि तीन पानं खाली सोडली. मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी लावत बसली. शाळकरी वयात वहीत चिठ्ठी ठेवताना उडालं असेल, तसं तिचं काळीज उडत होतं. अर्ध्या तासानं ती आली. दोन आकडे होते. दोन्ही बरोबर.

मग तो रोजचाच खेळ झाला. भीती तिला वाटायला हवी होती, पण ती वाटत नव्हती; वाटत होता तो आनंदच, लपवून ठेवल्यामुळे दुप्पट झालेला. सकाळी ती मिस्त्रीला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढी. "जा बाई लवकर, ऊन चढेल," म्हणे. तो मजेत जाई. मग पानं खाली जात. टेबलाखाली ती कधीही डोकावली नाही. एकदाच, काम करता करता, तिनं हात खाली सोडला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हाताला काही लागलं नाही. पण काढून घेताना तो उबदार होता.

एक आकडा मात्र तिला सुटेना. विज्ञानाच्याच पुस्तकात, सहाव्या प्रकरणात, एका अगदी शुद्ध वाक्यासमोर तो काढलेला होता: 'दाब काढून घेतला की वस्तू पुन्हा मूळ आकारात येते.' तिनं ऱ्हस्वदीर्घ पाहिलं, विरामचिन्हं पाहिली, मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहिलं. चूक नव्हती. तिनं ते पान खोडरबर न लावता तसंच बाजूला काढून ठेवलं.

बाराव्या आठवड्यात मिस्त्री अर्धा दिवस कामावर जायला लागला, आणि त्या शनिवारी दुपारी तो पिवळ्या रंगाचा डबा, दोन ब्रश आणि बहिणीला घेऊन घरी आला. नणंद पदर खोचूनच आली होती. दोघं बहीणभाऊ गाणी म्हणत, एकमेकांना चिडवत सामान हलवायला लागले. पलंग सरकला, कपाट सरकलं, नियमांचा कागद टर्रकन निघाला. मग मिस्त्री टेबलापाशी आला.

"हे टेबल काढू या. तुझ्यासाठी बाहेर खिडकीपाशी छोटं करून देतो. आणि ही सतरंजी कसली अजून?"

"राहू दे ती," ती म्हणाली.

"अगं वहिनी, किती कळकट झालीय! मी नवी आणते तुला," नणंद म्हणाली आणि सतरंजीचं टोक धरून ओढायला लागली.

"राहू दे म्हटलं ना!"

तिचा आवाज इतका चढला, की नणंदेच्या हातातून टोक सुटलं. तीस वर्षांच्या ओळखीत वहिनी अशी कधी ओरडली नव्हती. नणंद गोरीमोरी झाली, "मी पाणी पिऊन येते," म्हणून आत गेली.

मिस्त्री ब्रश हातात धरून ताठ उभा होता. रागावलेला नव्हता. थोडा वेळ त्यानं सतरंजीकडे पाहिलं. तिच्यावर मधोमध एका माणसाच्या अंगाएवढा भाग दबून गुळगुळीत झाला होता.

"तुला तोच हवाय का?" त्यानं विचारलं.

तिला नाही म्हणता आलं असतं. कुणीही म्हटलं असतं. चोरी पकडली गेल्यासारखी ती वाकून सतरंजीचं ओढलेलं टोक पुन्हा सरळ करायला लागली.

"मग त्याला आणायचं होतंस," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "मला कशाला घेऊन आलीस?"

नणंद पाण्याचा तांब्या घेऊन परत आली. भिंत पिवळी झाली. टेबल मात्र जागचं हललं नाही.

पुढच्या बुधवारी तीन महिने पूर्ण झाल्याची तपासणी होती. सकाळपासून दोघांचाही मूड छान होता. शनिवारचं कुणी बोललं नाही. डॉक्टरांनी मिस्त्रीला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, वाकायला लावलं. मिस्त्रीनं वाकून दोन्ही तळहात जमिनीला टेकवले तेव्हा डॉक्टर स्वतःच दचकले आणि हसले.

"असा पेशंट मी बघितला नाही! पट्टा आजपासून बंद. एवढा एक्स-रे काढून या, की सुटलात."

एक्स-रेसाठी खाली जायचं होतं. मिस्त्री लिफ्टकडे न बघता धडाधडा जिना उतरून गेला. तिथे रांग असणार, म्हणून ती वरच थांबली. पिशवीत सहावीच्या पुस्तकाचे शेवटचे फर्मे, तपासायची छापील पानं, होते. बसायला शांत जागा शोधत ती लांबलचक बोळातून चालत राहिली, उजवीकडे वळली, पुन्हा वळली, आणि एका दुहेरी दारापाशी आली. दारावर लाल दिवा जळत होता. दाराशी स्टुलावर एक वयस्क मावशी बसली होती, हातात नावांची यादी.

"मिस्त्रींच्या घरच्या ना तुम्ही?" मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचे अजून आत आहेत. होतच आलंय. बसा ताई."

"अहो मावशी, ते तर खाली..." ती म्हणाली, आणि तिचं वाक्य तिथेच थांबलं. एखादं वाक्य शुद्ध असूनही पुढे वाचवत नाही तसं.

"चार तास सांगतात, पण लागतात जास्ती," मावशी यादीवर बोट ठेवत म्हणाल्या. "घाबरू नका. शुद्धीवर येताहेत. मघाशीच मी आत गेले होते तर मला म्हणाले, 'ती आलीय का? कागद आणलेत का तिनं?' म्हटलं, आधी डोळे तर उघडा नीट!"

मावशी आपल्याच विनोदावर हसल्या. ती बाकावर बसली. पिशवी मांडीवर घेऊन तिनं आतले फर्मे हातानं चाचपले, होते. केस कापल्यावर ती त्याला ओळखू येईल का, एवढीच तिला काळजी वाटली. तिनं ते कानामागे सारले. पदर सारखा केला. मग डावा खांदा थोडासा खाली आणून, सावरून बसली.

बोळाच्या टोकाला पावलं वाजली. लांब, भक्कम, एकसारखी. मिस्त्री येत होता, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, चेहरा उजळलेला.

"इथे काय करतेस? मी सगळीकडे शोधलं! डॉक्टर म्हणाले, सुटलात. एकदम सुटलात! चल, घरी जाऊ. जाताना ती समुद्राची तिकिटं बघू."

तिनं वर पाहिलं. खूप वर पाहावं लागलं. तिला त्याच्याबद्दल खरोखर बरं वाटलं. इतका चांगला, इतका धडधाकट माणूस.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी ह्यांना घेऊन येते."

दारावरचा लाल दिवा विझला. आतून चाकांचा आवाज जवळ येऊ लागला, तसा मिस्त्री काहीही न विचारता एक पाऊल मागे सरला, आणि स्ट्रेचरला वाट मिळावी म्हणून पाठ भिंतीला सपाट टेकवून उभा राहिला.